सिस्टरनं सांगितलंय

पंधरा मार्च, रविवार. कोबी चिरून कोमट पाण्यात टाकला होता, ते पाणी ओतून दुसरं घालायची वेळ झाली होती. बटाट्यांचं पहिलं पाणी आधीच मोरीत गेलं होतं. किडनीच्या पेशंटची भाजी अशीच करावी लागते. सोलायची, बारीक चिरायची, भरपूर पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकडायची आणि तेही पाणी फेकायचं. भाजीतलं पोटॅशियम जातं, चवही जाते. माझे मोठे दीर या भाजीला 'धुऊन वाळत घातलेली बनियन' म्हणत आणि तरीही खात, कारण दुसरं काही मिळत नसे.

सगळं घर त्यांना अण्णा म्हणतं. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बंगळुरात मल्लेश्वरमच्या घरात ते आणि माझी थोरली नणंद असे दोघेच राहत. नणंदेला सगळे अक्का म्हणतात. त्या भावंडांत सगळ्यांत मोठ्या, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. धाकट्या भावालाही त्या घरच्या रीतीप्रमाणे अण्णाच म्हणतात. मी आणि माझा नवरा जयनगरला राहतो; रविवारची अण्णांची भाजी मी तिथूनच करून नेत असे. मी मल्लेश्वरमच्याच एका हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इन-चार्ज सिस्टर आहे, आणि अण्णांचं डायलिसिसही तिथंच होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांच्या घरापासून हॉस्पिटल पायी जाण्यासारखं आहे. ही सोय आहे असं सगळ्यांना वाटे. मला तसं कधी वाटलं नाही.

फोन वाजला तेव्हा हात ओले होते. अक्का होत्या.

"अगं, अण्णा उठत नाही बघ. पाय उचलत नाहीत म्हणतोय."

"दुखतात की उचलत नाहीत?"

"दुखत नाहीत. जड झालेत म्हणतोय, वाळूची पोती बांधल्यासारखे. मी म्हटलं, काल उन्हात बसला होतास, उष्णता झाली असेल. स्वल्प ताक देऊ का त्याला?"

"काही देऊ नका. घोटभर पाणीसुद्धा नाही. मी ॲम्ब्युलन्स पाठवते. दार उघडून ठेवा."

"एवढं काय झालंय गं?"

"अक्का, दार उघडून ठेवा."

किडनी चालत नसलेल्या माणसाचे पाय अचानक जड झाले की आम्हा नर्सना एकच गोष्ट आठवते. रक्तात पोटॅशियम चढलंय. ते पायांवर थांबत नाही. पुढची पाळी हृदयाची असते, आणि हृदय सूचना देत बसत नाही. मी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत फोन केला, गॅस बंद केला आणि नवऱ्याला म्हटलं, "अहो, शर्ट घाला. अण्णांना नेतायत."

रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो म्हणून ऑटोच केली. नवरा वाटेत सारखा विचारत होता, "पण शुक्रवारीच तर डायलिसिस झालं ना?" मीही तेच मनात घोळवत होते. शुक्रवारी डायलिसिस झालेल्या आणि पाणी फेकलेली भाजी खाणाऱ्या माणसाचं पोटॅशियम रविवारी सकाळी इतकं चढत नाही. म्हणजे काहीतरी पोटात गेलं होतं.

या घरात मी सून म्हणून आले ती निपाणीकडून. यांचं घराणं बंगळूरचंच. पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे उतरले ते इथलेच झाले, असं ते प्रत्येक लग्नात सांगतात. त्यांची मराठी अर्धी कन्नडमध्ये भिजलेली, पण हसायचे ते माझ्या मराठीला. भाषेचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते नोकरीचं. मला दाखवायला पाहुण्यांत नेलं की अक्का सांगायच्या, "ही हॉस्पिटलात असते." कुणी विचारलं, डॉक्टर का, तर त्या हसून पुढच्या खुर्चीकडे वळायच्या. नर्स हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. परक्या पुरुषांची अंगं पुसणारी बाई आपल्या घरात आहे हे त्यांनी वर्षानुवर्षं शेजाऱ्यांपासून झाकून ठेवलं.

मग अण्णांची साखर वाढली, पाठोपाठ किडन्या गेल्या, आणि त्याच दारात उभं राहून त्याच अक्का शेजारणीला सांगू लागल्या, "आम्हाला काळजी नाही हो, आमच्या घरातच सिस्टर आहे." एका रात्रीत मी दाखवण्यासारखी झाले. ड्युटी संपली की मी त्यांच्या घरावरून जायची. अण्णांचं वजन बघायची, पावलांची सूज बघायची, हातावरच्या डायलिसिसच्या शिरेवर बोट ठेवून ती थरथरते की नाही ते बघायची. मग स्वयंपाकघरात जाऊन अक्कांनी काय रांधलंय ते बघायची. कुणी मला बोलावलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नव्हतं. कामाला हात लागतोय तोवर माझा मानही होता.

अण्णा मला सिस्टरच म्हणत, चिडवायला. "या सिस्टर. आज काय काय बंद?"

"तेच. केळं, संत्रं, टोमॅटोचं सार, शेंगदाणे, एळनीर."

"आणि श्वास?"

"तो चालू ठेवा."

एळनीर म्हणजे शहाळं. हे इथल्या लोकांना समजावणं फार कठीण आहे. बंगळुरात आजारी माणसाला बघायला जाताना कुणी रिकाम्या हातानं जात नाही, एळनीर घेऊन जातो. ताप असो, बाळंतपण असो, कावीळ असो, एळनीर. प्रत्येक हॉस्पिटलच्या फाटकाशी त्यांचा ढीग असतो. आमच्याही आहे. वर किडनीच्या पेशंटचा जीव वाचवायला आम्ही यंत्रं लावतो आणि खाली त्याच पेशंटचे नातेवाईक कोयत्याखाली फळ धरून उभे असतात. डायलिसिसनं रक्त तापतं, त्याला थंड काहीतरी हवं, असा सगळ्यांचा पक्का समज. त्या पाण्यात पोटॅशियम किती असतं हे मी वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या माणसांना सांगते. कन्नडमध्ये सांगते, हिंदीत सांगते, आवाज चढवून सांगते. वॉर्डातल्या पोरी माझी नक्कल करतात ती नेमकी याच वाक्याची करतात, हे मला ठाऊक आहे.

कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा अण्णांना स्ट्रेचरवर घेऊन ईसीजी काढून झाला होता. कागद बघितला. छोट्या टेकड्यांच्या जागी तंबूसारखी उंच टोकं. ड्युटी डॉक्टर नवीन मुलगी होती, पण घाबरलेली नव्हती. तिनं अक्कांना विचारलं, "आजी, घरी काय खाल्लं यांनी? फळ? ज्यूस? एळनीर?"

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर घट्ट धरून. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"एळनीर," त्या म्हणाल्या. "रोज घेतो. काल दोन घेतली, ऊन फार होतं."

"रोज? कुणी सांगितलं तुम्हाला द्यायला?"

"सिस्टर हेळिद्दारे," अक्का म्हणाल्या. सिस्टरनं सांगितलंय. आणि हातानं मला दाखवलं.

कॅज्युअल्टीत माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या दोघी होत्या. एक जण सिरिंज भरत होती, तिचा हात थांबला. डॉक्टर मुलगी माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही?"

"आधी कॅल्शियम द्या," मी म्हटलं. "बोलणं नंतर."

पुढचं सगळं ठरलेलं असतं आणि ते ठरल्याप्रमाणे झालं. हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम, हळूहळू, मॉनिटरवर डोळा ठेवून. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. तोंडावर वाफेचा मास्क. डायलिसिसच्या खोलीतून मशीन तयार असल्याचा निरोप. कॅल्शियम मी स्वतः दिलं. माझी सुट्टी होती, साडीवर होते, पण कुणी अडवलं नाही. मॉनिटरवरची टोकं बसत गेली तशी सगळ्यांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली, आणि मग माझ्याकडे.

तीव्र आजाराचा माणूस सोपा असतो. हार्ट अटॅक आलेला, दम लागलेला, ताप चढलेला माणूस घाबरलेला असतो, सांगाल ते ऐकतो, तुमचा हात सोडत नाही. अवघड असतो तो जुनाट दुखण्याचा. तो वर्षभरात वकील होतो. त्याला सगळे नियम पाठ असतात आणि प्रत्येक नियमाची पळवाटही. अण्णा तर जन्मभर पोरांना पोटॅशियम शिकवत आलेले. वर्गात तेलाच्या बाटलीतून त्याचा तुकडा काढून पाण्यात टाकायचे आणि जांभळी ज्योत दाखवायचे. एळनीरात काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

दुपारी डायलिसिस चालू असताना मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. टेक्निशियन आमच्याच हॉस्पिटलातला जुना माणूस. नळ्या बघता बघता त्यानं विचारलंच, "सिस्टर, एळनीर तुम्ही अलाऊ केलं होतं?" मी म्हटलं, "नाही." तो "सरी, सरी" म्हणाला, म्हणजे बरं, बरं, आणि दुसऱ्या मशीनकडे गेला. त्याला पटलं की नाही ते त्याच्या पाठीवरून कळलं नाही.

अण्णा जागे होते. पाय हलवून बघत होते.

"अण्णा, मी एळनीर प्या म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग अक्कांना कुणी सांगितलं तसं?"

"मी." ते छताकडे बघत होते. "तुझं नाव घेतलं की ती देते. नुसतं मागितलं तर देत नाही. घाबरते तुला."

"कधीपासून?"

"उन्हाळा लागला तेव्हापासून. कोपऱ्यावर गाडी असते त्याची. तो कोयता चालवतो ना, तो आवाज घरात येतो. तू कधी अशी तहान बघितलीयस? तू मोजून पाणी देतेस. सकाळी एवढं, दुपारी एवढं. मी कपातला बर्फ चोखत बसतो लहान पोरासारखा."

"तुम्हाला माहीत होतं त्यात काय असतं."

"तुझ्याआधीपासून माहीत आहे."

"मरायचं होतं का?"

त्यावर ते चिडले. मान माझ्याकडे वळवली. "मला मरायचं नाहीये. मला एळनीर प्यायचंय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुम्हा लोकांना कळत नाही."

"दोन्ही जमणार नाहीत," मी म्हटलं. "आज जवळजवळ गेलाच होतात."

मशीनचा पंप फिरत होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक ऐक. अक्काला सांगू नकोस मी खोटं बोललो ते. तुझ्या नवऱ्यालाही नको. मला देवनहळ्ळीला टाकतील."

हे देवनहळ्ळी प्रकरण माझ्या नवऱ्यानं काढलेलं. विमानतळाच्या अलीकडे, किल्ल्याच्या गावाबाहेर, जिथं पूर्वी द्राक्षं आणि चकोत्र्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागा होत्या तिथं आता प्लॉटांचे लेआउट पडलेत. त्यातल्या एकात आजारी आणि वयस्कर लोकांना ठेवून घेणारी जागा निघाली होती. डायलिसिसचं मशीन जागेवर, नर्स दिवसरात्र, जेवण मोजून. नवरा बघून आला होता. स्वच्छ आहे म्हणाला. अक्कांचे गुडघे गेलेत, उद्या त्याच पडल्या तर अण्णांना कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. अण्णा त्या जागेचं नाव काढू देत नसत. मल्लेश्वरमच्या घरासमोरून त्यांचे जुने विद्यार्थी जात, आता तेही पिकल्या केसांचे, आणि फाटकाशी थांबून "नमस्कार सर" म्हणत. "तिथं मला सर कोण म्हणणार?" अण्णा विचारत. "तिथं मी पलंगाचा नंबर."

त्यांचं हे म्हणणं खोटं नव्हतं. मी रोज माणसांना पलंगाच्या नंबरानं ओळखते.

"बघते," एवढंच म्हणून मी उठले. आमच्या धंद्यात 'बघते'चा अर्थ नाही असा होतो. ते त्यांना माहीत नव्हतं.

तोपर्यंत अक्कांचे फोन होऊन गेले होते. जयनगरचीच एक चुलत जाऊ, बसवनगुडीची आत्तेबहीण, म्हैसूरचे मामेभाऊ. प्रत्येकाला एकच हकिगत गेली होती, आणि त्यातल्या दोघांचे मला फोनही आले. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्हाला तर सगळं कळतं, मग असं कसं झालं हो?" आवाजात काळजी होती. काळजीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते बऱ्याच दिवसांनी जेवायला मिळाल्यासारखं होतं. मी म्हटलं, "आता धोका टळलाय," आणि फोन बंद केला.

अक्का कॅन्टीनच्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी इडली आणि कॉफी आणून समोर ठेवली.

"अक्का, अण्णा तुम्हाला खोटं बोलले. मी कधीही एळनीर द्या म्हटलं नव्हतं. कायम नकोच म्हणत आले."

त्यांनी कॉफी उचलली, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"माहितीय," त्या म्हणाल्या.

"काय माहितीय?"

"तू नाही म्हणालीस ते. मला काय कळत नाही का गं? माझ्या हातचं मीठ मोजणारी बाई तू. तू एळनीर द्या म्हणशील? तुझी कोबीचं पाणी फेकायची तऱ्हा मी बघितली नाही?"

"मग दिलंत कशाला?"

"तो मागतो." कप खाली ठेवला. "तू येतेस, वजन बघतेस, हे नको ते नको म्हणतेस, पर्स खांद्याला लावून जातेस. मागं कोण असतं? दुपारभर तो माझ्यासमोर बसलेला असतो. ओठ चाटतो. अक्का, घसा कोरडा पडलाय. अक्का, आईनं दिलं असतं. लहानपणापासून त्याला मी भरवलंय. किती वेळा नाही म्हणू? मग त्यानंच सांगितलं, सिस्टर हो म्हणाली. मला बरं वाटलं. मी विचारायला आले नाही तुला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

"आणि सकाळी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत. माझ्या हॉस्पिटलात. नातेवाइकांना फोन करून सांगितलंत."

"मग कुणाचं घेऊ? त्याचं? जिवावर बेतलेल्या माणसाचं? माझं घेतलं तर तुझा नवरा त्याला उद्या माझ्या घरातून उचलून त्या देवनहळ्ळीला नेऊन ठेवेल. मग मी त्या घरात एकटी काय करू? भिंतींना जेवायला वाढू? तुझं काय जातंय? तुझी नोकरी पक्की आहे. तुला कोण काढतंय? दोन दिवस बोलतील, मग विसरतील."

"मी विसरणार नाही."

"तू तर कधीच काही विसरत नाहीस," अक्का म्हणाल्या आणि इडली पुढे ओढली. "युगादीचा पाडवा चार दिवसांवर आला. त्याला घरी घेऊन जाऊ दे. एळनीर बंद. शपथ घालते."

मी त्यांच्याकडे बघितलं. गुडघ्यांवर पट्टे, कपाळावर घाम, बोटांना इडलीचा चुरा. या बाईनं माझी नोकरी झाकून ठेवली, मग दाखवली, आणि आज सकाळी ढाल म्हणून पुढे केली. तिचा अण्णांवर जीव होता, यात शंका नाही. त्या जिवानंच त्यांना स्ट्रेचरवर आणलं होतं. शपथेचं म्हणाल तर वॉर्डात मी नातेवाइकांच्या इतक्या शपथा ऐकल्यात की कुणी शपथ घातली की मी पेशंटच्या उशाखाली बघते.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला अण्णांना माझ्याच वॉर्डात आणलं होतं. पाय हलत होते, रंग परतला होता, चहा मागत होते. पलंगाभोवती आम्ही तिघं, मी, नवरा आणि अक्का. नवरा दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. त्यानंही अक्कांचीच हकिगत ऐकली होती. तो म्हणाला, "आता तूच सांग. घरी न्यायचं की नाही? झालं ते झालं, चूक कुणाच्याही हातून होते."

चूक माझ्या हातून झाली असं त्यानं धरलं होतं आणि मला मोठ्या मनानं माफही केलं होतं. त्या वाक्यापर्यंत काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. अण्णा माझ्याकडे बघत होते. अक्काही. दोघांच्या नजरेत एकच विनवणी होती. मी गप्प राहिले तर दोघं युगादीला घरी. नाव माझं खराब, ते तर झालंच होतं. आणि मग एप्रिल. मग मे. कोपऱ्यावरची गाडी कुठं जात नव्हती.

मी म्हटलं, "एळनीर मी सांगितलं नव्हतं. अण्णांनी माझं नाव घेऊन खोटं सांगितलं. ते खोटं आहे हे अक्कांना माहीत होतं, तरी त्या देत राहिल्या. दुपारी दोघांनी आपल्या तोंडानं मला सांगितलंय, विचारून घ्या. या दोघांना एका घरात ठेवलं तर पुढच्या वेळी पाय जड होऊन थांबणार नाही. मी रोज तिथं बसू शकत नाही. देवनहळ्ळीला नर्स आहे. तिला यांची दया येणार नाही."

नवरा बहिणीकडे वळला. "अक्का?"

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, अण्णांच्या अंगावरची चादर सारखी केली, टोकं खोचली, पुन्हा काढून पुन्हा खोचली. मग मला म्हणाल्या, "बरं केलंस. आता शांत झोप लागेल तुला."

अण्णा भिंतीकडे वळले. मी निघताना ते बोलले, भिंतीकडे तोंड ठेवूनच. "सिस्टर, तुझं म्हणणं खरं आहे. पण तुला माझा जीव वाचवायचा होता की स्वतःचं नाव, तेवढं एकदा ठरव."

त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आजही मला ते द्यावंसं वाटत नाही. दोन्ही एकाच वाक्यात झालं, त्याला मी काय करू?

घरी जाताना नवरा मेट्रोत म्हणाला, "हे तू मला एकट्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतंस. त्यांच्या तोंडावर नको होतं." मी म्हटलं, "माझं नाव कॅज्युअल्टीत माझ्या तोंडावरच घेतलं गेलं. तेव्हा तुम्ही शेजारी उभे होता." त्यानंतर जयनगर येईपर्यंत तो दाराच्या काचेत बघत उभा राहिला. घरी ओट्यावर कोबी पाण्यात तसाच होता, आंबूस वास यायला लागला होता. गाळून कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर गेले. रात्रपाळीच्या सिस्टरकडून वॉर्ड ताब्यात घेतला. अण्णांचा पलंग दुसऱ्या एका सिस्टरकडे सोपवला आणि तिला सांगितलं, ते चिडतील, चिडू दे, पण मुठीत काय आहे ते बघत जा. जाताना त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला, बरा होता. त्यांच्या पलंगापाशी थांबले नाही.

मग कपाटाआड उभी राहून देवनहळ्ळीला फोन केला. पलीकडे त्यांची नर्स होती, आवाजावरून तरुण, कन्नड बोलणारी. आपण ड्युटी सोपवताना सांगतो तसं तिला सगळं सांगितलं. साखर, किडनी, डायलिसिसचे वार, डाव्या हातावरची शीर, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, पाणी किती, कुठल्या औषधानं पोट बिघडतं. मग म्हटलं, "माणूस हुशार आहे. प्रोफेसर होते. तुम्ही त्यांना सर म्हणा, त्यांना ते लागतं. गोड बोलतील, तुमच्या घरच्यांची चौकशी करतील, आणि मग म्हणतील, माझी भावजय सिस्टर आहे, तिनं परवानगी दिलीय. मी दिलेली नसेल."

"सरी, मॅडम," ती म्हणाली. "भेटायला कोण कोण येणार?"

"भाऊ येईल, जमेल तेव्हा. बहीण जास्त येईल. गुडघे दुखतात, तरी बस बदलून येईल. आत सोडताना त्यांची पिशवी उघडून बघत जा."

"वयस्कर आहेत का, मॅडम?"

"आहेत. तरी बघा."

तिनं बरं म्हटलं. मी फोन खिशात टाकला आणि औषधांची ट्रॉली घेऊन पहिल्या पलंगाकडे निघाले.